आवाज कुठे कापायचा? सपाट लाउडस्पीकर आणि क्रॉसओव्हर यांचा इतिहास

या मालेत आजवर आम्ही शब्द, अर्थ, प्रमाण अशा विषयांवर बोललो. आजचा विषय जाहीर झाला तेव्हा उमापुरातल्याच दोघा-तिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला लाउडस्पीकरशी काय देणंघेणं? आम्ही म्हटलं, या आणि ऐका. एखादी अखंड वस्तू कुठे कापावी म्हणजे ती पुन्हा अखंड वाटेल, हा प्रश्न आमच्याच खात्यातला आहे. इंजिनियर लोकांनी तो गेली शंभर वर्षं सांभाळला, एवढंच.

आधी अडचण समजून घेऊ. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं पुस्तकं सांगतात. सत्तरी ओलांडलेल्यांनी त्यातला वरचा बराच भाग सोडून द्यावा. हवेत २० हर्ट्झची लाट १७ मीटर लांब असते आणि २०,००० हर्ट्झची जेमतेम १७ मिलिमीटर. एक लाट या मांडवाच्या मापाची, दुसरी अंगठ्याच्या नखाएवढी. दोन्ही एकाच पडद्याने काढाव्यात ही अपेक्षा म्हणजे नांगर धरणाऱ्यानेच त्याच हाताने घड्याळ दुरुस्त करावं अशी. म्हणून कामाची वाटणी झाली. जाड आवाज मोठ्या पडद्याला, बारीक आवाज छोट्याला. ही वाटणी करणारं जे मंडळ, म्हणजे सर्किट, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. ज्या जागी वाटणी होते तो कट.

वाटणी दोन ठिकाणी करता येते. अॅम्प्लिफायरमधून ताकद घेऊन निघालेला आवाज कॉइल आणि कंडेन्सर लावून फोडायचा, ही जुनी आणि स्वस्त रीत. दुसरी रीत अशी, की अॅम्प्लिफायरच्या आधीच, आवाज अजून दुबळा असताना तो फोडायचा आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र अॅम्प्लिफायर द्यायचा. बेसला एक, ट्रेबलला एक. याला बायअँपिंग म्हणतात. फायदा सरळ आहे. पखवाजाच्या थापेने बेसचा अॅम्प्लिफायर दमला तरी टाळाचा आवाज घाण होत नाही, आणि कट पाहिजे तिथे नेता येतो, बटण फिरवून. धोकाही त्याच बटणात आहे, त्याकडे पुढे येऊ.

आता इतिहास. क्रॉसओव्हरचा जन्म संगीतासाठी झाला नाही, तो टेलिफोनच्या घरात झाला. एकाच तारेवरून अनेकांची बोलणी पाठवायची आणि पलीकडे ती वेगळी करायची, यासाठी अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीत जॉर्ज कॅम्पबेलने गाळण्या तयार केल्या. त्यांची पेटंटं १९१७ सालची. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी कॉइलवर हलणाऱ्या कोनाचा लाउडस्पीकर मांडला. आज तुमच्या टीव्हीत, मोबाइलमध्ये, एसटी स्टँडवरच्या डब्यात जो आहे, तो त्याचाच वंशज. दोन्ही गोष्टी एकत्र यायला फार वेळ लागला नाही.

२७ एप्रिल १९३३ या दिवशी बेल लॅबोरेटरीजने एक प्रयोग केला. वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनमध्ये बसले होते. मध्ये फक्त टेलिफोनच्या तारा. वृंदाचा नेहमीचा संचालक स्टोकोव्स्की वादकांसमोर नव्हता. तो वॉशिंग्टनला नियंत्रणाची बटणं हातात घेऊन बसला होता. या प्रयोगातल्या लाउडस्पीकरांचा कट ३०० हर्ट्झला होता. खाली मोठे भोंगे, वर अनेक तोंडांचे छोटे भोंगे. आकडा लक्षात ठेवा. पुढे टेलिफोनचा जो प्रमाण पट्टा ठरला तो ३०० पासूनच सुरू होतो. त्याखालचं बोलण्यात गेलं तरी माणूस काय म्हणतो ते कळतं.

मग सिनेमा आला. एमजीएम या कंपनीत डग्लस शिअरर आणि जॉन हिलिअर्ड यांनी थिएटरसाठी दोन भागांचा भोंगा बनवला. त्याला तांत्रिक कामगिरीबद्दल अकादमीचा पुरस्कारही मिळाला. याच एमजीएमने १९३८ साली मुंबईत मेट्रो थिएटर उघडलं. तर त्या कामातली एक हकिगत या धंद्यात नेहमी सांगितली जाते. एलिनॉर पॉवेल नावाची टॅप नृत्य करणारी नटी होती. बुटाच्या टाचेचा एक ठोका पडद्यावर दिसायचा आणि कानाला दोन ऐकू यायचे. कारण शोधता शोधता सापडलं. बेसचा भोंगा जागा वाचवण्यासाठी आतल्या आत दुमडलेला होता, त्यामुळे जाड आवाजाला काही फूट जास्त चालावं लागत होतं. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. काही फुटांचा फेर म्हणजे काही मिलिसेकंदांचा उशीर, आणि टाचेचा टणत्कार तेवढ्यात दुभंगला. गोडसर व्हायोलिनवर हा दोष कुणाच्या ध्यानात आला नसता. तेव्हापासून कट कुठे या प्रश्नाला दुसरा प्रश्न चिकटला: दोन्ही तुकडे एकाच वेळी पोचतात का?

आपल्याकडे त्या काळात काय होतं? भोंगा. शिकागो रेडिओ हे नाव आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. सिंधमधून मुंबईत आलेल्या मोटवाने कुटुंबाचा हा व्यवसाय. पुढे नाशकातही त्यांचा कारखाना झाला. १९३१ च्या कराची काँग्रेसला त्यांचे लाउडस्पीकर होते. गांधीजींचा आवाज लहान, समोर समुदाय अफाट. नानिक मोटवाने यांनी ही ध्वनिव्यवस्था पुढची कित्येक वर्षं सभांमागून सभा सांभाळली. या भोंग्यात कट नाही. तो खालचं काढतच नाही आणि वरचं फारसं काढत नाही; मधला बोलण्याचा पट्टा तेवढा उचलून दूर फेकतो. सभेला तेवढंच हवं होतं. आमच्या पिढीचा कान या भोंग्याने घडवला. लग्न, जत्रा, प्रचार, सप्ताह, सगळं त्याच नरड्यातून. आम्हाला तर वाटतं, मराठवाड्यात पहिल्यांदा चांगला लाउडस्पीकर ऐकणाऱ्या माणसाला तो मिळमिळीत वाटतो, याचं कारण इथे आहे.

आता सपाट लाउडस्पीकरांकडे वळू, आणि त्यासाठी आमच्या विषयाची थोडी मदत घेऊ. ध्वनी पसरतो कसा, यावर न्यायवैशेषिकांनी दोन दृष्टान्त दिलेत. एक वीचितरंगन्याय: तळ्यात खडा पडला की एका लाटेतून दुसरी उठते. दुसरा कदंबमुकुलन्याय: कदंबाच्या गोल कळीतून जसे सगळीकडे एकदम केसर फुटतात, तसा ध्वनी दाही दिशांना फुटतो. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ न्यायपंचाननाने दोन्ही नोंदवलेत. साधा कोनाचा लाउडस्पीकर कदंबाच्या बाजूचा आहे. एका ठिकाणाहून फुटायचं आणि भिंतींवर आदळायचं. सपाट लाउडस्पीकरवाल्यांना लाट हवी होती. दाराएवढा उंच, अतिशय पातळ पडदा, सगळा एकदम हलणारा, पुढे आणि मागे सारखाच आवाज देणारा.

१९५७ साली इंग्लंडमध्ये पीटर वॉकरच्या क्वाड कंपनीने असा लाउडस्पीकर बाजारात आणला. त्यात लोहचुंबक नव्हतं. जाळीदार पत्र्यांमध्ये ताणलेला पातळ पडदा आणि त्यावर हजारो व्होल्टचा भार. दिसायला खोली तापवण्याच्या शेगडीसारखा. आवाज असा निर्मळ, की आजही त्याची दुरुस्ती करून तो वापरणारे लोक आहेत. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात जिम वायनी हा ३एम कंपनीतला इंजिनियर. त्याने विजेच्या भाराऐवजी लोहचुंबकाच्या पट्ट्या घेतल्या आणि पडद्यावर बारीक तारा चिकटवल्या. १९६९ मध्ये त्याने मॅग्नेपॅन ही कंपनी काढली. तिचा टिंपनी नावाचा लाउडस्पीकर म्हणजे घडीच्या पडदीसारखा तीन फळ्यांचा. सुरुवातीला त्याची विक्री ऑडिओ रिसर्च या शेजारच्याच शहरातल्या कंपनीने केली, आणि ती कंपनी इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हरही बनवत होती.

गंमत इथे आहे. ज्यांना आवाज फोडायचाच नव्हता, एकाच पडद्याने सगळं बोलायचं होतं, त्यांनाही शेवटी वाटणी करावी लागली. क्वाडच्या आत पाहिलंत तर मधोमध ट्रेबलची पट्टी आणि दोन्ही बाजूंना बेसचे पट्टे. वायनीच्या फळ्यांतही तेच. कारण उघड्या पडद्याच्या मागून निघणारा आवाज पुढच्याच्या उलट असतो. बारीक आवाजाला याने काही बिघडत नाही, पण जाड आवाजाची लांब लाट कडेवरून वळसा घालते आणि पुढच्या लाटेला मारते. म्हणून बेसचा पडदा रुंद लागतो. आणि रुंद पडद्याने बारीक आवाज काढला तर तो टॉर्चच्या झोतासारखा फक्त समोर जातो. म्हणून ट्रेबलची पट्टी अरुंद लागते. कट परत आला. आपल्या पुण्यातसुद्धा कॅडेन्स या नावाने अशा जातीचे लाउडस्पीकर तयार झाले, परदेशीही गेले. त्यात वर वीजभाराचा पडदा आणि खाली साधा कोन. हा कट सगळ्यांत अवघड. वरचा गडी लाट सोडतो आणि खालचा कदंब. दोघांची चाल वेगळी, तरी पाऊल एकत्र पडायला हवं.

पाऊल एकत्र कसं पाडायचं याचं नीट उत्तर १९७६ साली मिळालं. झिगफ्रीड लिंकविट्झ हा जर्मनीहून अमेरिकेत गेलेला, ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत मोजमापाची यंत्रं घडवणारा माणूस. लाउडस्पीकर हा त्याचा फावल्या वेळचा नाद. त्याने सहकारी रायलीच्या मदतीने असा क्रॉसओव्हर मांडला, की कटाच्या जागी दोन्ही बाजू ६ डेसिबलने खाली असतात आणि लयीत एकत्र असतात. बेरीज बरोबर सपाट येते. त्याचं चलनी रूप सप्तकामागे २४ डेसिबल उताराचं. १९३० मध्ये इंग्रज बटरवर्थने दिलेल्या गाळणीतूनच हे निघतं, अशा दोन गाळण्या एकामागे एक लावल्या की झालं. पण ते ओळखायला शेहेचाळीस वर्षं जावी लागली. पुढे लिंकविट्झ स्वतःसुद्धा पुढे-मागे आवाज देणाऱ्या उघड्या लाउडस्पीकरांकडेच वळला, प्रत्येक पडद्याला वेगळा अॅम्प्लिफायर देऊन.

तुम्ही म्हणाल, हे सगळं विलायतेतल्या शौकिनांचं. नाही हो. आज बायअँपिंग बघायचं असेल तर गेवराईच्या कुठल्याही वरातीत जा. डीजेच्या गाडीवर मागे रॅक असतो. त्यात क्रॉसओव्हर किंवा हल्लीचा प्रोसेसर, त्याखाली ओळीने मशीन. बेसची वेगळी, मिडची वेगळी, टॉपची वेगळी. अमेरिकेत १९७४ साली ग्रेटफुल डेड या मंडळींनी आवाजाची जी भिंत उभी केली होती, तिचीच ही नातवंडं. आमच्या पोरांनी लिंकविट्झचं नाव ऐकलेलं नाही, पण बेस कुठे कापला की बॉक्स जळत नाही हे त्यांना पाठ आहे. त्या भिंतीने कानाचं काय होतं याबद्दल आमचं मत कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगूनही रात्री दहाची मर्यादा किती पाळली जाते, तुम्ही जाणता. पण त्यांच्या हातातलं ज्ञान खरं आहे, ते नाकारून चालणार नाही.

म्हणून आमच्या प्रयोगात आम्ही अशाच एका साउंडवाल्याला सामील केलं. तिसरा आमचा पुतण्या. त्याने पुण्याहून चुंबकी जातीच्या सपाट लाउडस्पीकरांची एक जुनी जोडी आणली होती. बेसचा पट्टा सव्वा फूट रुंद, ट्रेबलची पट्टी दोन बोटं. जागा आमचंच माळवदाचं घर. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड, घुमारा जवळपास नाही. पॅनल मागच्या भिंतीपासून चार फूट पुढे घेतले, नाहीतर मागचा आवाज लगेच परतून येतो. ऐकायला एक कॅसेट. गावातल्या एका कीर्तनकार आबांची, १९८० च्या दशकात सप्ताहात भरलेली. आबा जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा आवाज आता जगात त्या फितीवरच आहे, आणि फीत वर्षागणिक मंद होत चाललीय. ती कॉम्प्युटरवर उतरवून घरोघरी द्यायची असं ठरलेलं. कुठे खरखर काढायची, कुठे ठेवायची, हे ठरवायचं तर आधी नीट ऐकू यायला हवं. चुकीच्या कटावर ऐकून आपण आबांचाच आवाज खरखर म्हणून पुसून टाकू, ही भीती होती.

पहिला कट १००० हर्ट्झवर. साउंडवाला दोन मिनिटं ऐकत बसला आणि म्हणाला, "सर, गडी एकच हाय, पन छाती हिकडं अन् तोंड तिकडं बोलायलंय." आम्ही आबांच्या लेकीला बोलावलं होतं, त्याही आता आमच्याच वयाच्या. सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "आबांना पडसं झाल्यावानी वाटायलंय." पुतण्याने त्यांना म्हटलं, "आत्या, जरा मधी सरका." मध्ये सरकल्यावर पडसं कमी झालं. कारण गणितात आहे. १००० हर्ट्झची लाट ३४ सेंटिमीटर, बेसचा पट्टा त्याहून थोडा रुंदच. तिथे त्याचा झोत होऊ लागतो. समोरच्याला पुरतं मिळतं, कडेच्याला आवाजाचा मधला भाग मिळतच नाही.

मग २५० ला नेला. जवळजवळ सगळा आवाज आता अरुंद पट्टीतून, एका तोंडातून. सुरुवातीला बरं वाटलं. आबांनी वरचा सूर लावला, टाळकऱ्यांनी साथ वाढवली, आणि पट्टी फर्रर्र करू लागली. तेवढ्यावरच आवाज उतरवला. ती पट्टी एकदा तुटली की मिळत नाही. ३५० ला अर्धवट. शेवटी ४५० आणि ६०० यांच्यामध्ये मुक्काम पडला. मॅग्नेपॅनच्या १.६ या मॉडेलचा कारखान्यातला कट ६०० चा आहे हे पुतण्याला माहीत होतं. आम्हाला त्याने ते नंतर सांगितलं, हे चांगलं केलं.

मग वेळ जुळवणं. याची एक सोपी युक्ती आहे, घरी करण्याजोगी. कट ५०० ला ठेवा आणि नेमका ५०० हर्ट्झचा सूर लावा. मग ट्रेबलच्या दोन तारा उलट जोडा. दोन्ही पडदे खरोखर पावलाला पाऊल लावून चालत असतील, तर उलटवल्यावर ते एकमेकांना मारतील आणि सूर जवळजवळ गडप होईल. जितका गडप, तितकी जुळणी चांगली. आमच्याकडे सूर अर्धाच उतरला. पॅनल थोडे आत वळवत गेलो, तेव्हा एका जागी एकदम बसला. तारा पुन्हा सुलट केल्या आणि कॅसेट लावली.

ट्रेबल किती मोठा ठेवायचा ते मात्र आम्ही पुतण्यावर सोपवलं. आठ-दहा हजारांच्या वर आमच्या कानांना काही कळत नाही, टाळाची वरची किणकिण तरुणानेच ठरवावी. कट मात्र पाचशे-सहाशेच्या आसपास असतो. तिथे म्हाताऱ्याचा कान अजून शाबूत आहे.

लेक ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत, पदर तोंडाला लावला. पुतण्याने मुद्दाम, न सांगता, कट पुन्हा १००० वर नेला. त्या लगेच म्हणाल्या, "आता गेले." पुन्हा खाली आणला. "हां." तीनदा केलं, तिन्ही वेळा बरोबर. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिल्बर्ट ब्रिग्जने खरे वादक आणि त्यांचं मुद्रण आळीपाळीने ऐकवून श्रोत्यांची परीक्षा घेतली होती. आमच्याकडे खरे आबा नव्हते. पण मीमांसक ज्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, म्हणजे 'तोच हा' अशी ओळख, ती होती. याच ओळखीच्या जोरावर मीमांसक म्हणाले की शब्द नित्य आहे. नैयायिकांनी उत्तर दिलं, तोच नाही, त्या जातीचा आहे. कॅसेटवरच्या आबांबद्दल आम्ही नैयायिकांच्या बाजूचे. पण दुसऱ्या एका वादातही आम्हाला नैयायिकच पटतात. वस्त्र म्हणजे धाग्यांचा ढीग, असं बौद्ध म्हणतात. न्यायवाले म्हणतात, वस्त्र ही धाग्यांहून निराळी, एक वस्तू आहे. कागदावर खालचा भाग अधिक वरचा भाग म्हणजे आबा; १००० च्या कटालाही ती बेरीज सपाटच येत होती. लेकीला बेरीज ऐकूच येत नव्हती. तिला आबा तरी ऐकू येत होते, नाहीतर नव्हते.

चिठ्ठ्या आल्यात. एकाने विचारलंय, नेमका आकडा सांगा. आमच्या खोलीत, त्या जोडीला, ५०० हर्ट्झ, दोन्हीकडे २४ डेसिबलचा उतार. तुमच्या खोलीत तो चालेलच असं नाही. ३०० ते ८०० मध्ये हिंडून बघा, आणि गाण्याऐवजी ओळखीच्या माणसाचं बोलणं लावा.

दुसरी चिठ्ठी भारनियमनाबद्दल आहे, आणि ती महत्त्वाची. लाइट आली की क्रॉसओव्हर आधी चालू करायचा, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मग मशीन. बंद करताना आधी मशीन, शेवटी क्रॉसओव्हर. उलट केलं तर क्रॉसओव्हर चालू होतानाचा धक्का थेट ट्रेबलच्या पट्टीवर जातो, कारण मध्ये अडवायला कंडेन्सर नाही. लाइट गेल्याबरोबर दोन्ही मशीनची बटणं हाताने बंद करून ठेवा, म्हणजे ती परत येताना सगळं एकदम चालू होणार नाही. आणि पट्टीच्या तारेत एक संरक्षक कंडेन्सर टाकाच. त्याची किंमत कटाच्या आकड्यावर ठरते, कटाच्या पुष्कळ खाली त्याचं काम सुरू झालं पाहिजे. साउंडवाला मागे बसलाय, तो हिशोब करून देईल.